आरा मशीनसाठी शेड: लोखंडी की आरसीसी?

आलापल्ली-बल्लारपूरकडच्या सागवान पट्ट्यात मामेभाऊ आरा मशीन टाकतोय, लायसन्स हातात आलंय पण शेडवर गाडी अडलीय. शेड विकणाऱ्या कंपनीवाल्यांचं "आयुष्यभर टिकेल" वगैरे सोडून द्या.

पहिली गोष्ट जागा. बारा-पंधरा फुटी ओंडका ट्रॉलीवर फिरवायचा तर मधे कॉलम नकोच, लोखंडी ट्रसमधे (त्रिकोणी सांगाड्यावरचं छत) साठ फुटाचा गाळा आरामात मोकळा मिळतो, आरसीसीत (सळया घातलेलं काँक्रीट) साधारण पंधरा-वीस फुटांवर कॉलम येतो आणि ओंडक्याचं टोक त्यालाच जाऊन आदळणार, लिहून घ्या. मशीनचा पाया मात्र काँक्रीटचाच, शेड कुठलीही घ्या.

मेहनत म्हणाल तर लोखंडात नटबोल्ट कसले की झालं, फक्त क्रेन आणि ट्रेलर पावसाळ्याआधी आत न्या, नंतर रस्ता चिखलात जातो. आरसीसी स्लॅबला सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा), क्युरिंग (पाणी मारून ओलं ठेवणं), पूर्ण ताकद यायला 28 दिवस, आणि गावात पाणी मारायला माणूस टिकला तर.

ऊन! चंद्रपुरात मेमधे 46 डिग्रीच्या वर जातं, उघड्या पत्र्याखाली कामगार दुपारी टिकतच नाही. छत उंच घ्या, वर टर्बो पंखे (वाऱ्याने फिरून गरम हवा बाहेर काढणारे).

आग लागली तर लोखंड साडेपाचशे डिग्रीच्या आसपास निम्मी ताकद गमावतं, काँक्रीट बराच वेळ तग धरतं. भुसा रोज काढाच. रंग दर काही वर्षांनी, नाहीतर गंज.

म्हणून मशीन आणि ओंडके लोखंडी शेडखाली, भाड्याची जागा असेल तर डोळे झाकून तेच, खोलून नेता येतं. ऑफिस, विजेची पॅनल रूम, तयार फर्निचरचं गोदाम आरसीसीत.