सीझन पास घेतला आणि टीम धरली पँथर्स: १७ पैकी २

अमेरिकन फुटबॉल, म्हणजे तो हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर जायचा प्रकार, त्याचा वर्षाचा ऑनलाइन पास कोकणात बसून घेण्यासारखा आहे का असं दोघातिघांनी विचारलं म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. मी २०२३ चा सीझन मालवणात बसून बघितला आणि टीम धरली कॅरोलायना पँथर्स, कारण मेव्हणा शार्लटला, म्हणजे पँथर्सच्याच गावात असतो आणि त्याने जर्सी पाठवली, आता फुकटची जर्सी कोण सोडतो. निकाल आधीच सांगून टाकतो, १७ मॅच, २ जिंकल्या, १५ हरल्या, त्या वर्षी लीगमध्ये यांच्यापेक्षा वाईट कोणी नाही. पासला माझे साडेतीन स्टार. टीमला एक, तो पण पावसातल्या एका मॅचमुळे.

आपल्याकडे खरा प्रश्न टायमिंगचा. तिकडच्या नावाजलेल्या टीम टीव्हीवाले रविवारी रात्री लावतात, म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे पावणेसहा. त्या वेळी माणूस मासळी बघायला धक्क्यावर जाईल की टचडाऊन (बॉल पलीकडच्या रेषेपार नेणं) बघेल? पण हरणाऱ्या टीमला प्राईम टाईम देतो कोण, त्यामुळे पँथर्स बहुतेक वेळा तिकडच्या दुपारी एकला, म्हणजे इथे रात्री साडेदहाला. खानावळीचं शटर खाली, गल्ला मोजून झाला, जेवण झालं की मॅच चालू. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे जातात मग साडेअकरा होतात, तेवढं चालतं. हा फायदा कुठेच कोणी लिहीत नाही, टीम जितकी भिकार तितकी तुमची झोप शाबूत.

प्राईम टाईमचे अपवाद दोन आणि दोन्ही नेमके सणाला. १९ सप्टेंबरला गणेश चतुर्थी आणि त्याच पहाटे पावणेपाचला सेंट्सबरोबर मॅच. घरात तसेही सगळे उठलेले, कोण माटवीला हरणं-कवंडळं बांधतोय, कोण खोबरं खवतोय, मी तांब्याला फोन टेकवून बसलेलो. चाकरमानी आले की इथलं नेट आडवं होतंच, त्यामुळे बॉल हवेत गेला की तिथेच थांबायचा आणि दिसायला लागेपर्यंत दुसऱ्याच टीमच्या हातात असायचा. मुंबईचे काका थोडा वेळ बघत बसले आणि म्हणाले, "ह्ये खेळतत काय मारामारी करतत रे?" २०-१७ ने हरलो. काकांना रूल समजले नाहीत पण तेव्हापासून दर सोमवारी त्यांचा फोन ठरलेला, "हरले मां?"

दुसरी धनत्रयोदशीला सकाळी, शिकागो बेअर्सबरोबर, १६-१३, परत हरलो. ही हार जास्त लागली, आणि ती का ते कळायला मागचं थोडं सांगायला लागेल. तिकडे जी टीम सगळ्यात खाली राहते तिला पुढच्या वर्षी कॉलेजमधला सगळ्यात चांगला पोरगा उचलायचा पहिला हक्क मिळतो, म्हणजे हरण्याची भरपाई असते. तर पँथर्सनी २०२३ चा पहिला नंबर बेअर्सकडून घेतला ब्राइस यंग नावाच्या क्वार्टरबॅकसाठी (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू), आणि बदल्यात त्या वर्षीचे दोन पिक, म्हणजे पोरगा उचलायचे हक्क, डीजे मूर हा आपला चांगला रिसीव्हर (फेकलेला बॉल झेलणारा), २०२५ चा दुसऱ्या राऊंडचा पिक आणि २०२४ चा पहिल्या राऊंडचा पिक देऊन बसले. देवगडात झाडाला मोहोर यायच्या आधीच बाग करारावर देऊन पैसे खर्च करून टाकतात ना, तसं. म्हणजे हे जितके हरणार तितका बेअर्सचा पिक वर सरकणार, आणि सरकत सरकत तो पहिल्या नंबरलाच गेला, बेअर्सनी त्यावर केलेब विल्यम्स घेतला. पंधरा वेळा हरून हातात काय, तर भोपळा! आणि ज्या सी. जे. स्ट्राउडला सोडून यंगला घेतलं तो दुसऱ्या नंबरवर ह्यूस्टन टेक्सन्स या टीमला गेला आणि वर्षातला बेस्ट नवा ऑफेन्स खेळाडू ठरला. गंमत म्हणजे पँथर्सची पहिली जीत त्याच टेक्सन्सवर, १५-१३.

यंगला मी शिव्या घालणार नाही. पाच फूट दहा इंचाचा पोरगा, समोर दीडशे-दीडशे किलोचे धटिंगण, आणि याला वाचवायला जी लाईन उभी असते तीच फाटकी, वर्षभरात ६२ वेळा आडवा केला त्याला. बॉल घेतला की नजर वर जायच्या आत कोणीतरी अंगावर. कोच फ्रँक राईख यांना ११ मॅचनंतर घरी पाठवलं, उरलेल्या क्रिस टेबर यांनी काढल्या, फरक काय पडला नाही.

मालक डेव्हिड टेपर यांचा किस्सा मात्र बघण्यासारखा. ३१ डिसेंबर, इथे चिवला बीचवर पर्यटकांचे फटाके, आणि तिकडे पँथर्स जॅक्सनव्हिलला जॅग्वार्सकडून २६-० मार खातायत, तर साहेबांनी वरच्या बॉक्समधून खाली बसलेल्या जॅग्वार्सच्या फॅनवर ग्लासातलं ड्रिंक फेकलं. लीगने तीन लाख डॉलर दंड लावला. पुढच्या आठवड्यात शेवटची मॅच, ९-०, परत एक पॉईंट नाही.

आता तो एक स्टार. १७ डिसेंबर, शार्लटला धो धो पाऊस, अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या, जे आले ते पाँचो गुंडाळून. गवत तिथे २०२१ पासून कृत्रिम आहे त्यामुळे आपल्यासारखा चिखल नाही, पण बॉल साबणासारखा निसटतोय. अटलांटा ७-६ ने पुढे आणि अजून पॉईंट घ्यायच्या अगदी जवळ, तेवढ्यात त्यांच्या क्वार्टरबॅकने बॉल आपल्या झेवियर वूड्सच्या हातात दिला. मग पँथर्स आपल्याच गोललाईनजवळून निघाले आणि शेवटची सातेक मिनिटं बॉल सोडलाच नाही, चार यार्ड, पाच यार्ड, असं रांगत रांगत थेट पलीकडे, आणि घड्याळ संपता संपता एडी पिनेरोने किक मारली, ९-७. एकही टचडाऊन नाही! मी ओरडलो तर बायको उठून बाहेर आली, लाईट गेली काय म्हणून.

अ‍ॅपबद्दल तक्रार एवढीच की उघडताच स्कोअर दाखवतं, तो सेटिंगमध्ये जाऊन लपवायला लागतो. मॅचचा जाहिराती कापलेला छोटा कट मिळतो तो बेस्ट, मायामीबरोबर १४-० पुढे असून ४२-२१ हरलो ते पूर्ण बघायची काय गरज नव्हती. नवीन माणसाला तर मी म्हणेन हरणारीच टीम धरा, चार चान्समध्ये दहा यार्ड, नाही जमलं की पंट, म्हणजे लांब लाथ मारून बॉल समोरच्यांना देऊन टाकायचा, हे पँथर्सनी इतक्या वेळा करून दाखवलं की रूल पाठ झाले.

जिंकायची हौस असेल तर २०२३ च्या कॅन्सस सिटीसारखी जिंकणारी टीम धरा आणि पहाटेचा गजर लावा. घेणार असाल तर पिक्चर क्वालिटी ऑटोवर ठेवू नका, ४८० वर फिक्स करा, आणि गणपतीच्या आठवड्यात दुसऱ्या कंपनीचं एक सिम रिचार्ज करून ठेवा.