सेकंडहँड झेड150 की नवा एनएक्स80 : अंबाजोगाईतील दोन लगीनसरायांचा अनुभव

2022 च्या आषाढात लग्ना-कीर्तनांच्या शूटिंगसाठी माझ्यासमोर दोन व्हिडिओ कॅमेरे होते. पहिला म्हणजे सोनीचा एचएक्सआर-एनएक्स80, नवा कोरा, सीलबंद खोक्यातला. त्याचे करांसह पावणेदोन लाखांच्या आसपासचे कोटेशन माझ्या हातात होते. दुसरा पीएक्सडब्ल्यू-झेड150, चार वर्षे वापरलेला, लातूरमधील एका स्टुडिओमालकांनी विकायला काढलेला, किंमत एक लाख पाच हजार. मी झेड150 घेतला. त्यावर आता दोन लगीनसराया आणि बरेच हरिनाम सप्ताह काढून झाले आहेत. जुना घ्यावा की नवा, हाच प्रश्न आमच्या भागातील व्यवसायबंधू मला वरचेवर विचारतात, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

कागदावर पाहिले तर हे दोन कॅमेरे सख्ख्या भावांसारखे आहेत. दोघांचा सेन्सर (चित्र टिपणारी चिप) एक इंची, दोघांचा ऑप्टिकल झूम 12 पट आणि लेन्सचा आवाका 35 मिलिमीटर कॅमेऱ्याच्या हिशेबाने सुमारे 29 ते 348 मिलिमीटर. दोघेही 4के चित्रण सेकंदाला 100 मेगाबिट या दराने करतात. झेड150 हा 2016 चा, तर एनएक्स80 त्यानंतर वर्षभराने जाहीर झालेला. नव्याचा ऑटोफोकस 273 बिंदूंच्या फेज डिटेक्शनवर (फोकस झटकन पकडण्याच्या पद्धतीवर) चालतो आणि तो जुन्यापेक्षा निःसंशय सरस आहे. जुन्याकडे मात्र फोकस, झूम आणि आयरिस (लेन्समध्ये किती प्रकाश शिरेल ते ठरवणारी झडप) यांसाठी तीन स्वतंत्र रिंगा आहेत, एनपी-एफ मालिकेची मोठी बॅटरी बसते (तीच आमच्या एलईडी लाइटलाही चालते) आणि पाठीमागे एसडीआयचे, म्हणजे लांबच्या केबलने चित्र पाठवण्याच्या व्यावसायिक जोडणीचे आउटपुट आहे. एनएक्स80 ला एसडीआय नाही, आणि माझा निर्णय मुख्यतः या एका सॉकेटवर झाला.

याचे कारण आमच्या कामाच्या स्वरूपात आहे. मराठवाड्यात शूटिंगवाल्याचे वर्ष केवळ लग्नांवर निघत नाही, ते अखंड हरिनाम सप्ताहांवरही निघते. मोठ्या गावच्या सप्ताहात महाराजांच्या गादीपासून तीस मीटरवर, श्रोत्यांच्या मागे, लाकडी मचाणावर कॅमेरा असतो, आणि चित्रे जोडणारा व्हिडिओ मिक्सर स्टेजच्या बाजूला, एलईडी वॉलजवळ असतो. मांडवाच्या कडेने फिरवलेली केबल सहज पन्नास मीटर भरते. साधी एचडीएमआय केबल दहा-पंधरा मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही, आणि तिचा पिन नुसता खोचलेला असतो. एसडीआयची केबल शंभर मीटरपर्यंत सिग्नल नेते, आणि तिचे टोक पिळून बसवले की ओढ बसली तरी निसटत नाही. झेड150 घेण्यापूर्वीच्या वर्षी केज तालुक्यातील एका गावात, काल्याच्या कीर्तनात, दहीहंडी फुटण्याच्या ऐन वेळी मचाणाखालून धावलेल्या एका मुलाचा पाय माझ्या तेव्हाच्या कॅमेऱ्यातून कन्व्हर्टरकडे (एचडीएमआयचे एसडीआय करणाऱ्या डबीकडे) जाणाऱ्या एचडीएमआय केबलला लागला आणि भिंतीएवढा पडदा निळा झाला. तीन-चार मिनिटे हजारभर माणसे त्या निळ्या पडद्याकडे पाहत होती. गावकरी काही बोलले नाहीत, परंतु त्या सप्ताहाची पुढच्या वर्षीची ऑर्डर मला मिळाली नाही.

तरीही सेकंडहँड घेण्यास माझे मन सहजासहजी तयार नव्हते, कारण त्यात मी एकदा पोळलो होतो. 2019 मध्ये एका दलालाकडून मी एक वापरलेला कॅमेरा घेतला होता. दुकानातील झगझगीत प्रकाशात चित्र उत्तम दिसले, बाहेरून एक ओरखडा नव्हता. पहिल्याच हळदीच्या रात्री मात्र चित्राच्या डावीकडे वरपासून खालपर्यंत एक बारीक जांभळी रेघ दिसली आणि ती कुठल्याही सेटिंगने गेली नाही. दुरुस्तीला पाठवल्यावर कळले की सेन्सर लेसरने भाजलेला आहे. वरातीतील डीजेच्या गाडीवरचा लेसर थेट लेन्समध्ये शिरला तर क्षणभरात असे होऊ शकते. सेन्सर बदलण्याचा खर्च कॅमेऱ्याच्या खरेदी किमतीच्या निम्म्याहून अधिक सांगितला गेला. त्या दलालाने फोन उचलणे बंद केले. तेव्हापासून मी एक नियम पाळतो: ज्या कॅमेऱ्यासमोर पूर्ण दोन तास बसू दिले जाणार नाही, तो कितीही स्वस्त असला तरी घ्यायचा नाही.

लातूरच्या मालकांनी ही अट ऐकल्यावर खुर्ची पुढे केली आणि म्हणाले, ‘‘भाऊ, दोन काय, चार तास चालवा. चहा सांगतो.’’ विकणाऱ्याचा हा प्रतिसाद हीच पहिली परीक्षा असते, असे माझे मत आहे.

मी स्वतःची दोन कार्डे, चार्ज केलेली बॅटरी, एक कंडेन्सर माइक, वीस मीटरची एसडीआय केबल आणि लॅपटॉप सोबत नेला होता. आधी लेन्सवर झाकण लावले, आयरिस पूर्ण उघडले, गेन (चित्र विजेने उजळवण्याची पातळी) शेवटपर्यंत चढवला आणि ते काळे चित्र मोठ्या टीव्हीवर पाहिले. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर हे कधीही पाहू नये, त्यावर भाजलेली रेघ आणि मेलेले पिक्सेल दडून राहतात. काळ्या चित्रात गेनची पसरलेली वाळू, म्हणजे बारीक थरथरते दाणे, दिसणारच; पाहायचे ते एका जागी खिळलेले ठिपके आणि सरळ रेघा. नंतर पांढऱ्या भिंतीवर तेच केले, कारण काही दोष उजेडातच उठतात. मग झाकण काढून मोबाइलच्या टॉर्चने लेन्सच्या आत तिरपा प्रकाश टाकला. मुंबई-कोकणच्या दमट हवेत राहिलेल्या कॅमेऱ्यांच्या लेन्समध्ये बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू आढळतात. आपल्याकडे तो धोका कमी असतो, पण मंडपातील मातीची धूळ अधिक. ती रिंगांच्या फटीत जाऊन बसते आणि रिंग फिरवताना बोटांना किरकिर जाणवते. या कॅमेऱ्याची झूमची रिंग किंचित जड होती. फोकसची मऊ होती.

सर्वाधिक वेळ मी झूमला दिला. झूमचे बटण अगदी हलके दाबून सर्वांत संथ गतीने आत जावे आणि पाहावे, की चित्र मध्येच अडखळते का. मोटर झिजली असेल तर वेगात कळत नाही, संथ गतीतच कळते. पूर्ण झूम करून समोरच्या दुकानाच्या पाटीवर फोकस लावला आणि तसाच बाहेर आलो. पाटी शेवटपर्यंत स्पष्ट राहिली, म्हणजे कॅमेरा कधी जोरात आपटलेला नसावा. पडदा उघडून सर्व बाजूंनी फिरवला, कारण बिजागरीतील पट्टीसारखी बारीक वायर कमकुवत झाली असेल तर ठराविक कोनात चित्र लुकलुकते. माइक आलटून पालटून दोन्ही एक्सएलआर (माइकच्या) सॉकेटांना लावला आणि माइकला वीज पुरवणारे 48 व्होल्टचे बटण चालू केले. दोन नंबरच्या सॉकेटमध्ये पिन हलवल्यावर खरखर आली. ती मालकांना ऐकवली आणि ठरलेल्या किमतीतून तीन हजार कमी झाले.

शेवटी कॅमेरा उन्हाकडच्या खिडकीत ठेवून, दोन्ही कार्डांवर एकाच वेळी, सलग दोन तास चित्रण केले. कीर्तन दोन तासांचे असते आणि त्यात थांबायला जागा नसते. चित्रण पूर्ण झाल्यावर फाइल लॅपटॉपवर एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून मधूनमधून पाहिल्या. मेन्यूतील 50 आणि 60 हर्ट्झचा पर्यायही तपासला, कारण परदेशातून आलेले काही जुने कॅमेरे केवळ 60 हर्ट्झवर चालतात आणि आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवरील दिव्यांखाली त्यांचे चित्र थरथरते. काही कॅमेऱ्यांच्या मेन्यूत ते एकूण किती तास चालले याची नोंद मिळते. मी मात्र पट्ट्याची कडी, हँडलचे घासलेले रबर आणि ट्रायपॉडच्या छिद्राचे आटे पाहून अंदाज बांधतो. कागदांच्या बाबतीत मूळ बिल, खोके आणि कॅमेऱ्याखालचा सिरियल नंबर हे तिन्ही जुळल्याशिवाय पैसे देऊ नयेत. चोरीचा माल पदरात पडू नये यासाठी साध्या कागदावर विक्रीचा मजकूर लिहून घेतला, त्यावर सिरियल नंबर टाकला, दोघांच्या सह्या झाल्या आणि रक्कम बँकेतून दिली.

दोन वर्षांत कॅमेऱ्याने एकही तिथी चुकवली नाही. खर्च आला तो झूमची रिंग साफ करून घेण्याचा आणि ते एक्सएलआर सॉकेट बदलण्याचा, मिळून साडेसहा हजार. तीस मीटरवरच्या मचाणावरून पूर्ण झूम केला की चौकटीत साधारण तीन मीटर रुंदी मावते, म्हणजे महाराज आणि त्यांच्या दोन्ही बाजूंचे एक-दोन टाळकरी. त्याहून जवळ जायचे असेल तर एचडीमध्ये क्लिअर इमेज झूमने (कॅमेऱ्याच्या डिजिटल झूमने) 24 पटींपर्यंत जाता येते, आणि एलईडी वॉलसाठी ते चित्र पुरेसे चांगले असते.

त्याचे दोषही स्पष्ट सांगितले पाहिजेत. पूर्ण झूमवर लेन्स एफ 2.8 वरून एफ 4 पर्यंत मंद होते, म्हणजे कमी प्रकाश आत घेते, म्हणून रात्रीच्या कीर्तनात आयोजकांना गादीवर एक जादा दिवा लावायला सांगावे लागते, नाहीतर गेन चढतो आणि महाराजांच्या काळ्या कोटात वाळू दिसू लागते. वरातीच्या अंधारात ऑटोफोकस नवरदेवाला सोडून मागच्या बँडच्या दिव्यांकडे धावतो. तेथे मी फोकस हातानेच धरतो. 4के मध्ये सेकंदाला 30 फ्रेमच्या वर जाता येत नाही. वजन एनएक्स80 च्या जवळजवळ दुप्पट आहे आणि मे महिन्याच्या 43 अंशांत ते खांद्याला जाणवते. शिवाय 100 मेगाबिटने तासाला 45 जीबी भरतात, म्हणून सप्ताहाचे सात दिवस 4के मध्ये घेण्याचा मोह आवरावा. आम्ही कीर्तने एचडीमध्येच घेतो.

नवा कॅमेरा कोणी घ्यावा, हेही माझ्यापुरते स्पष्ट आहे. ज्यांना कर्ज काढायचे आहे त्यांनी नवाच घ्यावा, कारण मुद्रा योजनेसारख्या कर्जासाठी बँक दुकानाचे कोटेशन मागते आणि खासगी माणसाकडून घेतलेल्या कॅमेऱ्याला ते मिळत नाही. जीएसटी नोंदणी असलेल्यांना बिलावरचा 18 टक्के कर वजा करून घेता येतो. 2019 च्या जानेवारीपूर्वी व्हिडिओ कॅमेऱ्यांवर हा कर 28 टक्के होता, तेव्हा जुन्या-नव्यातील दरी आजच्यापेक्षा मोठी होती. आणि ज्यांच्याकडे एकच कॅमेरा आहे त्यांनी वॉरंटीचे मोल कमी लेखू नये. अंबाजोगाईतून माझा कॅमेरा दुरुस्तीला पुण्याला जातो आणि परत यायला पंधरा दिवस सहज लागतात. आमच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला गेलेली कुटुंबे कारखाने बंद झाल्यावर परततात आणि त्यानंतर एप्रिल-मेमध्ये लग्नांच्या तिथी एकावर एक येतात. त्या दिवसांत पंधरा दिवस कॅमेऱ्याविना राहणे म्हणजे वर्षाची निम्मी कमाई सोडणे होय. माझ्याकडे दुसरा कॅमेरा होता, म्हणून मी वॉरंटीशिवाय राहू शकलो.

खरेदीसाठी मी आषाढ निवडला तो विचारपूर्वक. तिथी संपलेल्या असतात, व्यवसाय सोडणारे किंवा मोठा कॅमेरा घेणारे त्याच सुमारास जुना विकायला काढतात, आणि दिवाळीनंतर तोच माल पंधरा-वीस हजारांनी चढतो, असे मी तीन-चार वर्षे पाहत आलो आहे. शिवाय त्या दिवसांत विकणाऱ्यालाही घाई नसते, त्यामुळे दोन तासांचे चित्रण शांतपणे करता येते. लातूरचे ते मालक आता हँडल-कॅमेरे सोडून पूर्णपणे मिररलेसकडे (लेन्स बदलता येणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यांकडे) वळले आहेत. गेल्या महिन्यात त्यांनी उरलेला दुसरा झेड150 विकायला काढला असल्याचे कळवले, आणि मी केबल, माइक व कार्डे पिशवीत भरून ठेवली आहेत.