सौदीच्या वेल्डर व्हिसासाठी नागपूरचं ऑफिस: कामाले पक्कं, सांगाले कच्चं

लहान भाऊ आयटीआय वेल्डर, आठवी पासवर केलेला. दिग्रसकडं त्याले काम म्हणजे गेट, ग्रिल अन् ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पावसाळा लागला का बसून. नागपूरच्या एका रिक्रूटिंग ऑफिसातून त्याचा सौदीतल्या जुबैलच्या कंपनीचा व्हिसा झाला, गावातले पोट्टे विचारून राह्यले म्हणून लिवतो.

पैशात एकदम साफ. सरकारी नियमानं एजंटले 30 हजार अन् त्यावर जीएसटी, म्हणजे 35,400 च्या वर घेता येत नाही, यायनं तेवढेच घेतले अन् पावती देल्ली. तालुक्यात फिरणारा सबएजंट याच कामाचे दीड लाख मांगत होता, पावतीचं काढलं तं म्हणे भाऊ इश्वास नाही का. बाप्पा! लायसन नंबर भिंतीवर लावला हाय पण भिंतीवर काय कोणीबी लावते, ई-मायग्रेट या सरकारी साइटवर टाकून पाहा.

दहावी नसल्यानं पासपोर्ट ईसीआर शिक्क्याचा, म्हणून सौदीसाठी एमिग्रेशन क्लिअरन्स (कामाले बाहेरदेशी जाची सरकारी परवानगी) लागला, तो अन् 275 रुपयातला दोन वर्षाचा, 10 लाखाचा सरकारी इन्शुरन्स ऑफिसनंच केला. तकामोलची (सौदीवाल्यायची काम येते का पाहाची) वेल्डिंगची परीक्षा अन् वाफिदचं (आखाती देशायसाठीचं) मेडिकल मुंबईले झालं, तारखा यायनं घेऊन देल्ल्या, पण ते फी अन् रेल्वेचा खर्च वेगळा हे आधी कोणी सांगतलं नाही.

एक स्टार कापला तो काउंटरवरच्या मॅडमसाठी. पगार विचारला का "महिन्याले दोन हजार रियाल", बस. कागदावर पाहतो तं बेसिक 1500, बाकी जेवणाचा अन् दुसरा अलाउन्स. आता ओव्हरटाइमले तिकडं तासाच्या पगारावर जो 50 टक्के जादा भेटते तो बेसिकवरच धरतेत, मंग बेसिक किती हे विचाराच लागते ना. इकाम्याचे, म्हणजे तिथं राह्याच्या परवान्याचे पैसे कंपनीनंच भराचे असतेत, तिथल्या लेबर लॉमधेच हाय, तेबी विचारलं तं म्हणे तिथं गेल्यावर समजन. काय समजन राजेहो, पोट्टं तिथं अन् आपण इथं! शेवटी मालकासंग बसलो, त्या माणसानं मात्र अॅग्रीमेंटची ओळ न् ओळ वाचून सांगतली, चहाबी पाजला.

म्हणून मालक असन तवाच जा, फोन करून. झेरॉक्स घरूनच काढून न्या, ऑफिसखालचा दुकानदार लय लुटते.