सिगारेट सोडून व्हेप: चौदा महिन्यांत माझ्या दातांचं काय झालं

मी इंग्लंडात रेडिंगला राहतो. बारा वर्षं रोज आठ-दहा सिगारेटी ओढल्या आणि सप्टेंबर २०२४ मध्ये व्हेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर आलो. सुरुवातीला वापरून फेकायचे व्हेप घ्यायचो. १ जून २०२५ पासून त्यांची विक्री इथं बंद झाली, त्याच्या थोडं आधीच मी पॉड, म्हणजे निकोटिनचं लिक्विड पुन्हा भरता येणारं छोटं व्हेप घेतलं होतं. वाफ किती येते, बॅटरी किती टिकते याबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय. मी फक्त दातांबद्दल लिहितो, कारण व्हेप घेण्याआधी मला नेमकं हेच कळून घ्यायचं होतं.

आधी रंग, कारण सगळे तोच विचारतात. फरक पडला, आणि चांगला पडला. सिगारेटच्या धुरातलं डांबर दातांवर बसतं. माझ्या खालच्या पुढच्या दातांना आतून काळपट पट्टाच झाला होता. व्हेपमध्ये काही जळत नाही, त्यामुळे डांबर नाही. सुरुवातीलाच एकदा दात साफ करून घेतले, आणि सहा महिन्यांनी पुन्हा गेलो तेव्हा तो पट्टा परतला नव्हता. म्हणजे डाग पडतच नाहीत असं मात्र नाही. निकोटिन मुळात बिनरंगी असतं, पण हवा लागली की पिवळं पडत जातं. खिडकीत विसरलेली लिक्विडची बाटली माझ्याकडे दोन महिन्यांत कोऱ्या चहाच्या रंगाची झाली. शिवाय मी दिवसाला चार कप चहा पितो, आणि कोरड्या तोंडात चहाचे डाग जास्त धरतात.

कोरडं तोंड हीच माझी या वस्तूबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार आहे. लिक्विडमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल असतं, ते पाणी शोषून घेतं. दुसऱ्या आठवड्यापासून सकाळी उठलं की जीभ टाळ्याला चिकटलेली असायची. दात धुऊन पुसून ठेवायचं काम लाळ दिवसभर करत असते, तीच कमी झाली. त्यात माझं लिक्विड आंब्याच्या चवीचं, गोड. गोड लिक्विडानं कॉइलवर, म्हणजे लिक्विड तापवणाऱ्या तारेवर काळी खपली धरते, ती मी दर आठवड्याला बघत होतो. दातांवरून जीभ फिरवली की दुपारपर्यंत बुळबुळीत थर लागायचा. सगळ्यात वाईट सवय रात्रीची. ब्रश करायचा आणि मग अंथरुणात पडून दहा-पंधरा झुरके घ्यायचे. झोपेत लाळ आधीच कमी असते, त्यामुळे तो थर सकाळपर्यंत तसाच राहायचा.

मध्ये एक चूक केली, ती तुम्ही करू नका. तोंडाचा वास जावा म्हणून दुकानातून क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश आणला आणि तीन आठवडे रोज वापरला. हिरड्यांच्या कडेनं आणि फटींमध्ये तपकिरी डाग पडले. त्या औषधानं असे डाग पडतात हे मला नंतर कळलं, तोवर मी व्हेपलाच दोष देत होतो. ते डाग स्केलिंगशिवाय, म्हणजे दवाखान्यात दात खरवडून घेतल्याशिवाय गेले नाहीत.

आता रक्ताबद्दल. पॉड घेतल्यावर निकोटिन कमी करता आलं. इथं कायद्यानं जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर मिळतं, तिथून मी १० वर आलो, मग ६ वर. ६ वर आल्यावर ब्रश करताना बेसिनमध्ये रक्त दिसायला लागलं. बारा वर्षांत कधी दिसलं नव्हतं. मी घाबरून वेळ घेतली. दातांच्या दवाखान्यात दात साफ करणाऱ्या हायजिनिस्ट बाईंनी सगळ्या दातांभोवती मोजून बघितलं. हिरडी आणि दात यांच्यातली खाच ३ मिलिमीटरपर्यंत ठीक मानतात, माझी मागच्या दाढांपाशी पाच होती. त्या म्हणाल्या, हिरड्यांचा आजार आत्ताचा नाही, जुना आहे. निकोटिन रक्तवाहिन्या आकसून धरतं, त्यामुळे रक्त येत नाही आणि आजार झाकला जातो. आता हिरड्यांना रक्त पोचू लागलंय, म्हणून दिसतंय. मी वर्षभर आरशात फक्त रंग बघत होतो, आणि तो बरा दिसत होता म्हणून हिरड्यांची तपासणी पुढे ढकलत होतो.

तेव्हापासून जे करतो ते सांगतो. १४५० पीपीएम फ्लोराइडची साधी पेस्ट, ब्रश झाल्यावर थुंकायचं पण चूळ भरायची नाही. कोळशाची पेस्ट बंद, ती दात घासून झिजवते. फटींत घालायचे बारीक ब्रश रोज रात्री: पुढे नारिंगी, ०.४५ मिलिमीटरचा, दाढांत निळा, ०.६ चा. पहिला आठवडा रक्त येतच होतं, तरी थांबायचं नाही असं बाईंनी बजावलं होतं. दहाव्या-बाराव्या दिवशी कमी झालं. व्हेप ओढला की पाण्याचे दोन घोट. आणि रात्री ब्रशनंतर पॉड स्वयंपाकघरात ठेवतो, खोलीत आणत नाही. एवढ्या एका बदलानं सकाळचा बुळबुळीतपणा निम्म्यावर आला.

दिवाळीला तीन आठवडे कराडला होतो. भारतात २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेट आणायलाही बंदी आहे, म्हणून पॉड घरीच ठेवलं आणि २ मिलिग्रॅमचा निकोटिन गम चघळला. चघळण्यानं लाळ सुटते. चौथ्या दिवशी सकाळी तोंड ओलं होतं, ते मला लगेच जाणवलं.

आत्या म्हणाली, "लई उजाळलं की रं दात तुझं. सुटली न्हवं एकदाची?" मी सांगितलं, सिगारेट सुटली, निकोटिन अजून आहे. ती चाळीस वर्षं मिश्री लावते, सकाळी आणि रात्री. भाजलेल्या तंबाखूची पूड, म्हणजे निकोटिन थेट हिरडीवरच. खालच्या दोन दातांची मुळं उघडी पडलीत. विचारलं, "रक्त येतं का कधी?" म्हणाली, "एक थेंब न्हाई बघ. मिश्रीनं हिरड्या घट्ट ऱ्हात्यात." दुसऱ्या दिवशी तिला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. दोन्ही दात हलत होते.

रेडिंगला परतल्यावर पॉड पुन्हा सुरू झालं. आता ३ मिलिग्रॅमवर आहे, चव नसलेलं लिक्विड. जानेवारीत दाढांची खाच पुन्हा मोजणार आहेत.