क्रिप्टो वॉलेट, आठ महिन्यांनंतर: आईच्या वहीतला 'सेल' आणि माझे वीस डॉलर

मी चित्रं काढते. मोबाइल गेम्ससाठी पार्श्वभूमी, पात्रं, झाडंझुडपं असलं काम. घरूनच, नाशिकला गंगापूर रोडला. गेल्या गणपतीत लिस्बनमधल्या एका छोट्या स्टुडिओने विचारलं, पैसे यूएसडीसीमध्ये पाठवले तर चालतील का, पॉलिगॉन नेटवर्कवर. पॉलिगॉन ही एक ब्लॉकचेन, म्हणजे अनेक संगणकांनी मिळून ठेवलेली खातेवही. यूएसडीसी म्हणजे डॉलरला बांधलेलं क्रिप्टो नाणं, त्यामुळे रात्रीत भाव पडायची धास्ती नाही. बँकेतून यायचे तेव्हा मधल्या बँका आपापला हात मारून घ्यायच्या आणि चार-चार दिवस लागायचे, म्हणून मी हो म्हटलं आणि फोनवर वॉलेट घेतलं, म्हणजे असली नाणी ठेवायचं-पाठवायचं अ‍ॅप. आता अक्षय्य तृतीया होऊन गेली. आठ महिने वापरल्यावर जे वाटलं ते लिहितेय. पैसे गुंतवावेत का, भाव कुठे जाईल, हे मला विचारू नका. मी फक्त वापरणारी आहे.

आणखी एक सांगायला हवं. माझे बाबा प्रेसमधून निवृत्त झाले. नाशिकरोडला नुसतं 'प्रेस' म्हटलं की पुरतं; बाहेरच्यांसाठी सांगते, करन्सी नोट प्रेस, जिथे १९२८ पासून नोटा छापतात. आमच्याकडे वाण्याने सुट्टे दिले तरी नोट आधी उजेडात धरली जाते, मग पाकिटात जाते. अशा घरात मी 'न दिसणारे डॉलर' आणले होते.

चांगलं आधी सांगून टाकते. पहिलं पेमेंट रविवारी रात्री अकराला आलं. तिकडून 'पाठवले' असा मेसेज आला आणि चहाचं आधण उकळायच्या आत ४२० यूएसडीसी वॉलेटमध्ये. कपात काही नाही, फॉर्म नाही, 'हे पैसे कशाचे' असं विचारणारा बँकेचा फोन नाही. ती गंमत खरी आहे आणि नंतर जे काही झालं त्यानेही ती पुसली गेलेली नाही.

आता सुरुवातीपासून. वॉलेट उघडलं की पाच मिनिटांत ते बारा इंग्रजी शब्द देतं. हे शब्द म्हणजेच किल्ली. फोन गेला, अ‍ॅप उडालं, काहीही झालं तरी या बारा शब्दांवर पैसे परत मिळतात, आणि शब्द गेले तर पैसे गेले. स्क्रीनशॉट काढू नका, क्लाउडवर ठेवू नका, कोणाला दाखवू नका, हरवू नका. आपल्याकडे एवढ्या अटी फक्त सोवळ्यात असतात. मी एक चिठ्ठी स्वतःकडे ठेवली आणि दुसरी प्रत आईच्या वहीत. आई गेली अठरा वर्षं भिशीचा हिशेब ठेवते, एक रुपया इकडचा तिकडे झालेला नाही. रविवारी नाशिकरोडला गेले, मी वाचत गेले, आई लिहीत गेली. सुवाच्य अक्षरात, क्रमांक घालून, देवनागरीत. मी बघितलं आणि म्हटलं, वा.

संक्रांतीला पतंगाच्या नादात फोन गच्चीवरून खाली गेला. नवा फोन घेतला. माझी चिठ्ठी घर बदलताना कुठल्या खोक्यात गेली देव जाणे. आईला फोन लावला. (शब्द फोनवर सांगायचे नसतात, माहीत आहे. ते वॉलेट आता रिकामं आहे, म्हणूनच इथे लिहायची हिंमत करतेय.) सहा शब्द नीट गेले. सातवा आई म्हणाली, "सेल."

मी दुकानातला सेल टाइप केला. तसा शब्दच यादीत नाही. म्हणून विकणे या अर्थाचा, एस-ई-डबल एल. तो घेतला, बाकीचे पाच टाकले, आणि वॉलेट म्हणालं: चुकीची शब्दमाला. झालं. पोटात गोळा. आईला परत परत विचारतेय आणि ती परत परत सांगतेय, "अगं सेल. स वर मात्रा, ल. मी काय चुकीचं लिहीन का?" चुकीचं तिने काहीच लिहिलं नव्हतं. शेवटी मी ती अख्खी यादी उघडली. २०४८ शब्दांची यादी आहे, २०१३ साली ठरलेली, बहुतेक वॉलेटं तीच वापरतात. त्यात शिडाचा सेलही आहे, एस-ए-आय-एल. देवनागरीत दोन्ही सारखेच. शिडाचा सेल घातला आणि वॉलेट उघडलं.

एक गोष्ट मला नंतर कळली आणि तेव्हा कळली नाही हे बरं झालं. बाराव्या शब्दात आधीच्या सगळ्याचा पडताळा दडवलेला असतो, म्हणून चुकीचा शब्द पकडला जातो. पण बारा शब्दांत तो पडताळा चारच बिटांचा, म्हणजे चार शून्य-एकांचा, सोळाच शक्यता. म्हणजे सोळात एकदा चुकीचा शब्दही बिनतक्रार आत जातो आणि दुसरंच एक वॉलेट उघडतं. अगदी खरं, चालू, आणि शून्य रुपयांचं. माझ्या बाबतीत ते झालं असतं तर मला चोरी झाली असंच वाटलं असतं.

या शब्दयाद्या इंग्रजीशिवाय जपानी, कोरियन, स्पॅनिश, चिनी, फ्रेंच, इटालियन, चेक आणि पोर्तुगीजमध्येही आहेत. देवनागरीत नाही. माझ्या लिस्बनच्या क्लायंटला त्याच्या भाषेत लिहिता येतं, आईला येत नाही. हे कोणी मुद्दाम केलंय असं मी म्हणत नाही. पण भिशीचा हिशेब ठेवणारी बाई डोळ्यांसमोर ठेवून कोणी हे बनवलेलं नाही, एवढं नक्की.

गॅसचं, म्हणजे व्यवहाराच्या शुल्काचं, प्रकरण याच्याही आधीचं, पहिल्याच आठवड्यातलं. ४२० डॉलर आलेत, ते विकून बँकेत आणायचे. पाठवायला गेले तर: अपुरी शिल्लक. मी आकडा परत वाचला, ४२०. मग कळलं की पॉलिगॉनवर काहीही हलवायचं तर शुल्क पीओएल या वेगळ्या नाण्यात द्यावं लागतं. शुल्क किती, तर रुपयाच्याही आत. पण ते यूएसडीसीमधून कापून घेत नाहीत. म्हणजे खिशात पाचशेच्या नोटा आहेत, पण त्या बाहेर काढायला दुसऱ्याच देशाचे चार आणे हवेत. त्यात सप्टेंबर २०२४ मध्ये या नाण्याचं नाव मॅटिकवरून पीओएल झालेलं, त्यामुळे निम्मे व्हिडिओ 'मॅटिक घ्या' सांगतात आणि अ‍ॅपमध्ये मॅटिक सापडत नाही. शुल्काचा आकडाही ग्वेईमध्ये, म्हणजे एका नाण्याचा अब्जावा भाग. शेवटी सिडकोतल्या एका मित्राने दोन पीओएल पाठवले. बदल्यात मिसळ, तीही दोन प्लेट. माझ्या आयुष्यातलं सर्वांत महाग चिल्लर.

हा अनुभव मला एकटीला आलेला नाही, हे या क्षेत्रातल्या लोकांनाही माहीत आहे. इथेरियमवर, म्हणजे पॉलिगॉन जिला जोडलेली आहे त्या मोठ्या ब्लॉकचेनवर, २०२३ मध्ये 'अकाउंट अ‍ॅब्स्ट्रॅक्शन'ची सोय आली. तिच्यामुळे शुल्क दुसरा कोणी भरू शकतो किंवा हातात असलेल्या नाण्यातूनच कापता येतं. इथेरियमच्या मे २०२५ मधल्या पेक्ट्रा अपग्रेडनंतर साध्या वॉलेटलाही यातलं बरंच करता येऊ लागलं. गेले दोन महिने मी अशाच प्रकारचं एक वॉलेट वापरतेय. अंगठा लावला की उघडतं, बारा शब्द नाहीत, गॅस दिसतही नाही. फरक जमीन-अस्मानाचा आहे. फक्त किल्ली आता माझ्या फोनच्या क्लाउड खात्यात आहे, म्हणजे 'मधे कोणी नको' म्हणून निघालेली वरात फिरून एका कंपनीच्याच दारात आली. मला चालतं. ज्यांना चालत नाही त्यांच्याशी वाद घालायला माझ्याकडे वेळ नाही.

आता मार्चमधला घोळ. त्या महिन्याचं पेमेंट आलं, वॉलेटमध्ये यूएसडीसी दिसलं, शेवटी बारीक अक्षरात 'डॉट ई'. मी काय, लक्षच दिलं नाही. नेहमीच्या एक्स्चेंजवर, म्हणजे नाणी विकून रुपये मिळतात त्या ऑनलाइन बाजारात, विकायला पाठवलं, आधी वीसच, चाचणी म्हणून. (ही एक सवय मात्र सगळ्यांनी लावून घ्या.) वीस गेले. वॉलेट म्हणतं यशस्वी. एक्स्चेंजवर शून्य. झालं असं की पॉलिगॉनवर यूएसडीसी दोन प्रकारचं आहे: एक मूळ, म्हणजे थेट पॉलिगॉनवरच काढलेलं, जे २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आलं, आणि एक त्याआधीचं, इथेरियमवरून पुलाने (एका ब्लॉकचेनवरून दुसरीवर नाणी नेण्याच्या सोयीने) आणलेलं, तेच 'डॉट ई'. दोन्ही एकेका डॉलरचे, दोन्हींचं चिन्ह निळंच. एक्स्चेंज घेतं फक्त मूळ. हे लिहिलेलं होतं का? होतं. पैसे पाठवायचा पत्ता दाखवतात त्या पानाच्या तळाशी, करड्या अक्षरात.

तक्रार केली. आधी बॉट, मग तिकीट, नवव्या दिवशी ठरावीक साच्यातलं उत्तर: आम्ही स्वीकारत नसलेलं टोकन आहे, परत काढून देणं शक्य होईलच असं नाही.

रविवारी बाबांना सांगितलं. त्यांना वीस डॉलरचं विशेष वाटलं नाही, त्यांचा प्रश्न वेगळाच. "खराब माल कुठे जातो?"

"कुठला खराब माल?"

"अगं, छापताना शीट खराब होतंच. ते बाजूला काढायचं, त्याचा हिशेब ठेवायचा, त्या जागी दुसरं घालायचं. तुमच्याकडे चुकलेलं कुठे काढतात?"

मग उठून कपाटातून एक दहाची नोट आणली. नंबर बघ म्हणाले. अक्षरं आणि आकडे यांच्या मधे एक चांदणी. स्टार सिरीज. एखादी नोट छपाईत बिघडली की तिच्या जागी ही पाकिटात घालतात. २००६ पासून, आधी दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांत. त्याआधी त्याच नंबरची नोट पुन्हा बनवून घालावी लागायची, तो केवढा ताप होता यावर पंधरा मिनिटं झाली. "पाकिटात शंभर भरायलाच हव्यात," बाबा म्हणाले, "आणि माणूस चुकणारच. म्हणून ही."

मी त्या चांदणीकडे बघत बसले. माझ्या अ‍ॅपचे रंग छान आहेत, बटणं मोठी आहेत, मराठी भाषाही निवडता येते. पण अख्ख्या यंत्रणेत ही चांदणी कुठेच नाही. नोंद एकदा झाली की बदलत नाही, हा ब्लॉकचेनचा गुण म्हणून सांगतात आणि तो गुण आहेही. फक्त माणूस चुकणारच, हे कुठे धरलेलं नाही. बँकेतला कारकून जे बघायचा, नाव जुळतंय का, शाखा बरोबर आहे का, सही तीच आहे का, ते सगळं आता माझ्यावर. 'स्वतःच स्वतःची बँक व्हा' म्हणतात, म्हणजे मॅनेजर मी, वॉचमन मी आणि तक्रार खिडकीही मीच. आणि तक्रार खिडकी कायम बंद.

उरलेले 'डॉट ई' मी बदलून मूळ यूएसडीसी करून घेतले. त्यासाठी आधी 'अप्रूव्ह' करावं लागतं. मला वाटलं या एका व्यवहारापुरतं असेल. रक्कम बघितली तर एवढा लांब आकडा की पडद्यावर मावत नव्हता. म्हणजे माझं जितकं 'डॉट ई' आहे आणि पुढे येईल, तितकं ती बदलून देणारी सेवा उचलू शकते. कोऱ्या चेकवर सही मागण्यासारखंच, पण बटणावर लिहिलेलं 'पुढे जा'. मी आकडा खोडून हवा तेवढाच टाकला. हे करता येतं हे कळायला मला सात महिने लागले.

आणि मी तरी अडाणी. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या मोठ्या एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलरचं इथर, म्हणजे इथेरियमचं नाणं, चोरीला गेलं. तिथे सही करणारे मुरलेले लोक होते, एकाहून अधिक सह्या लागत होत्या. पडद्यावर नेहमीचाच व्यवहार दिसत होता, सही झाली भलत्याच गोष्टीवर. ज्याच्यावर सही करतोय ते वाचताच येत नसेल तर दहा सह्या घेऊन काय करायचंय?

वॉलेटच्या पत्त्याचंही तेच. झिरो-एक्स आणि पुढे चाळीस अक्षरं-आकडे. कोणी अख्खं वाचत नाही, पहिली चार आणि शेवटची चार बघतो. भामट्यांना हे ठाऊक आहे. ते तशीच टोकं असलेला पत्ता बनवून तुमच्याकडे शून्य रकमेचा व्यवहार टाकतात, म्हणजे जुन्या यादीतून कॉपी करताना तुम्ही त्यांचाच उचलाल. मे २०२४ मध्ये एकाचे असेच जवळपास ६.८ कोटी डॉलर गेले होते. पुढे वाटाघाटी होऊन बहुतेक परत आले, हे त्याचं नशीब. इकडे रामकुंडावर फुलं विकणाऱ्या मावशींना मी वीस रुपये पाठवते तेव्हा आधी त्यांचं नाव येतं. मी विचारते, "मावशी, हेच ना?" त्या म्हणतात, "लेकाचं आहे, टाक." यूपीआय २०१६ चं आहे, त्याचेही वैताग आहेत, आणि लिस्बनच्या स्टुडिओचे पैसे ते मला आणून देत नाही. पण ते एक नाव दाखवणं किती मोठं काम आहे, हे मला वॉलेट वापरल्यावर समजलं.

कराचं थोडक्यात: विकताना १ टक्का टीडीएस, फायद्यावर ३० टक्के, तोटा कशातूनच वजा नाही. शरणपूर रोडच्या आमच्या सीएंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी बँकेतूनच मागवा ना." फी वाढवली.

ब्लॉकचेन सामान्य माणसाच्या उपयोगाचीच नाही, असं मला वाटत नाही. २०२२ मध्ये गडचिरोलीत एटापल्लीला जातीचे सुमारे ६५ हजार दाखले पॉलिगॉनवर नोंदवायचं काम हाती घेतलं होतं. तिथे दाखला घेणाऱ्याला ना बारा शब्द, ना गॅस. हातात कागद, त्यावर क्यूआर, तपासणारा स्कॅन करतो आणि खरा-खोटा कळतो. ब्लॉकचेन असल्याचं त्याला माहीत असायचंही कारण नाही. मला हवंय ते एवढंच.

मे महिन्याचं पेमेंट बँकेतून मागवलंय. मधल्या बँकांनी अठरा डॉलर कापले, पाचव्या दिवशी आलं. जुलैचं बहुधा नव्या वॉलेटवर घेईन, अठरा डॉलर काही थोडे नाहीत. आईने वहीतलं जुनं पान फाडू दिलं नाही. 'सेल'च्या पुढे कंसात 'जहाजाचा' असं लिहून ठेवलंय.

आणि ते वीस डॉलर. बाबा अजून दर रविवारी विचारतात, "आले का?" मी ब्लॉक एक्सप्लोररचं, म्हणजे ब्लॉकचेनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटचं, पान उघडते आणि त्यांना दाखवते. तारीख, वेळ, कोणाकडून, कोणाकडे, वीस. जगातल्या कुणालाही दिसतात. बाबा चष्मा लावून वाचतात, मान हलवतात आणि फोन परत देतात.