आरएसव्ही: जी वाचायचं की एफ?

आरएसव्ही म्हणजे बाळांना श्वसनाचा आजार देणारा विषाणू; जी आणि एफ ही त्याच्या पृष्ठभागावरच्या दोन प्रथिनांची जनुकं. स्वॅब पॉझिटिव्ह आहे, ए की बी हा उपप्रकारही कळलाय, आणि सँगरचं (एकेक तुकडा वाचण्याची जुनी पद्धत) बजेट एकाच जनुकापुरतं आहे, असं गृहीत धरतो. नॅनोपोर (लांब तुकडे वाचणारं यंत्र) हाताशी असेल आणि सॅम्पलमध्ये विषाणू भरपूर असेल तर अख्खा जीनोम वाचा, मग हा प्रश्नच उरत नाही.

जी सोपं आहे, हे आधी मान्य करायला हवं. त्याच्या शेवटाकडचा अतिबदलता भाग जेमतेम तीनशे-साडेतीनशे बेसचा, म्हणजे जनुकीय अक्षरांचा. रिव्हर्स प्राइमर (तुकड्याचं मागचं टोक पकडणारा छोटा डीएनए) जीच्या लगेच पुढे असलेल्या एफच्या सुरुवातीला बसवतात, कारण जीच्या शेपटीवर भरवसा ठेवता येत नाही. एवढा छोटा तुकडा असल्याने सीटी (पीसीआरचा आकडा, जितका जास्त तितका विषाणू कमी) ३२ च्या आसपासचं सॅम्पलही बहुधा निघतं. ब्युनोस आयर्समध्ये १९९९ साली सापडलेला बीमधला बीए हा प्रकार आणि ओंटारिओत २०१० च्या हिवाळ्यात सापडलेला एमधला ओएन१, दोघांची ओळख याच भागात आहे: पहिल्यात ६० बेस पुन्हा आलेले, दुसऱ्यात ७२. वॉर्डात एकदम चार बाळं आजारी पडली आणि संसर्ग एकाच वाटेने आला का हे बघायचं असेल, तर आजही जीच बरं.

माझं मन उडालं ते याच पुनरावृत्तीमुळे. दोन्ही प्रती जवळजवळ सारख्या, पण हुबेहूब नाहीत. अलाइनमेंट करताना, म्हणजे वेगवेगळे नमुने एकाखाली एक जुळवताना, प्रोग्राम गॅप (रिकामी जागा) कधी पहिल्या प्रतीत टाकतो, कधी दोन्हींच्या मध्ये, कधी कोडॉन (एका अमिनो आम्लाचे तीन बेस) तोडून. त्यात प्रथिन जिथे संपतं त्या स्टॉप कोडॉनची जागाही स्ट्रेनगणिक सरकते. दर बॅचला हाताने दुरुस्ती करावी लागते, आणि दोन माणसांनी केली तर वंशवृक्षाच्या फांद्याही थोड्या वेगळ्या येतात. आधी अमिनो आम्लात भाषांतर करून जुळवा आणि मग बेसवर परत या. त्रास निम्मा होतो, जात नाही. शॉर्ट रीड (यंत्राने वाचलेले छोटे तुकडे) २०१० पूर्वीच्या रेफरन्स जीनोमवर मॅप केले तर ओएन१ ची जादा प्रत कापली जाऊन गायबच होऊ शकते. शिवाय २०२४ च्या नव्या वर्गीकरणातले ए.डी., बी.डी. हे वंश पूर्ण जीनोमवर बेतलेले आहेत. जीच्या तुकड्यावरून पोटवंश ठामपणे सांगणं अवघड.

एफला कष्ट जास्त. १७२५ बेस म्हणजे साधारण हजार-हजारचे एकमेकांवर चढणारे दोन तुकडे आणि चार रीड. सीटी २८ च्या पुढे रडारड सुरू होते. ए आणि बीचे प्राइमर वेगळे ठेवा. पहिला प्राइमर जनुकाच्या अगदी तोंडाशी बसला तरी हरकत नाही: पहिली २५ अमिनो आम्लं सिग्नल पेप्टाइडची, ती कापलीच जातात. रीडच्या सुरुवातीचे चाळीस-पन्नास बेस खराब येतात, पण अमिनो आम्ल ६२ ते ६९ हा प्रतिपिंडं चिकटण्याचा महत्त्वाचा भाग १८४ व्या बेसपासून सुरू होतो, म्हणजे तो वाचतो. ११० ते १३६ मध्ये बदल दिसले तर दचकू नका; तो पी२७ तुकडा, तोही कापून जातो.

आणि अलाइनमेंट? ५७४ अमिनो आम्लं, बहुतेक वेळा एकही गॅप नाही. शिवाय उत्तर औषधाशी थेट जोडता येतं. सुप्टाव्हुमॅब हे एफला चिकटणारं प्रतिपिंड-औषध २०१७ मध्ये तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत पडलं, कारण फिरणाऱ्या बी स्ट्रेनच्या एफमध्ये १७२ आणि १७३ या दोन जागा बदलल्या होत्या. जी कितीही वाचलं असतं तरी हे दिसलं नसतं. बाळांना देतात त्या निर्सेव्हिमॅब या प्रतिपिंडाचंही तसंच: बीमध्ये २०६ आणि २०९ वरच्या बदलांची जोडी सर्रास दिसते, औषध चालतं; २०८ वर अॅस्परॅजिनच्या जागी सेरीन आलं तर असर कमालीचा घसरतो. म्हणून २०० ते २१० मधला क्रोमॅटोग्राम (रीडच्या शिखरांचा आलेख) डोळ्यांनी बघा, दुहेरी शिखर दिसलं तर उलट दिशेच्या रीडशी ताडून मगच नोंद करा.

तुमचा प्रश्न निव्वळ साथीचा माग काढण्याचा असेल तर माझं ऐकू नका. नाहीतर मी एफकडे झुकेन, आणि उरलेला आरएनए उणे ८० ला ठेवेन. जीचा छोटा तुकडा त्यातून नंतरही निघतो.