बॅलेच्या टुटूचा इतिहास घरबसल्या : लंडनच्या संग्रहालयाची ऑनलाइन सेवा

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने आपल्या वस्तूंची छायाचित्रे आणि नोंदी संकेतस्थळावर विनामूल्य खुल्या केल्या असून, विसाव्या शतकाच्या आरंभीचे बॅलेचे पोशाख अभ्यासू इच्छिणाऱ्यांसाठी ही सेवा फार मोलाची आहे. टुटू, म्हणजे बॅले नर्तिकेचा घेरदार पोशाख, म्हटले की आज कमरेभोवती आडवा, ताठ पसरलेला घेर डोळ्यांसमोर येतो. परंतु त्या काळातला टुटू बराच लांब, मऊ आणि गुडघ्यांकडे झुकलेला असे. इटालियन नर्तिकांचे कठीण पदन्यास प्रेक्षकांना दिसावेत म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची लांबी कमी झाली होती, तर 1909 मध्ये पॅरिसला आलेल्या दियागिलेव या निर्मात्याच्या रशियन बॅले मंडळीने ‘ले सिल्फीद’ या नृत्यनाट्यासाठी पोटऱ्यांपर्यंतचा जुना घेर पुन्हा रंगमंचावर आणला.

संग्रहातील सर्वांत समृद्ध भाग मला दियागिलेवच्या पोशाखांचा वाटतो. 1921 मध्ये लंडनच्या अल्हाम्ब्रा नाट्यगृहात झालेल्या ‘द स्लीपिंग प्रिन्सेस’साठी लिऑन बाक्स्टने रेखाटलेले पोशाख इतके खर्चिक होते (आणि तिकीटविक्री इतकी बेताची, की दियागिलेव कर्जात बुडाला) की त्यांकडे पाहताना कौतुकाबरोबर थोडा अचंबाही वाटतो. नृत्यात कापड कसे हलते, हे स्थिर चित्रांतून अर्थातच कळत नाही. संकेतस्थळावर शोध घेताना मात्र ‘टुटू’ऐवजी नृत्यनाट्याचे किंवा रचनाकाराचे नाव द्यावे.